काकूंची जीभ

आमच्या काकूंनी उभ्या आयुष्यात कुणाचं उष्टं खाल्लं नाही, हॉटेलातल्या पेल्याला ओठ लावला नाही, देवळातला प्रसादसुद्धा पुजाऱ्याचे हात निरखून घेतला; पण बाजारातून आलेल्या प्रत्येक पोत्यातला बटाटा मात्र त्या सालीसकट चाखत. पोत्याच्या तोंडचा, पोटातला आणि बुडाचा असे बटाटे काढून छोट्या पातेल्यात बिनमिठाचे उकडायचे, सालीकडचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. पोळ्या लाटणाऱ्या सुरेखाताईंचं लाटणंही थांबे. मग काकू एक तर मोरीकडे जाऊन थुंकत, नाहीतर डोळे उघडून म्हणत, "चालेल." 'छान' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. बटाटा असो, सून असो, कौतुकाची मजल 'चालेल'पर्यंत.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून जरा आत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. पुढच्या खोलीत काउंटर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे आमच्या राहायच्या दोन खोल्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे. मी सून होऊन आले तेव्हा सासूला आई म्हणायचं, असं माहेरून घोकून आले होते. पण पहिल्याच दिवशी काउंटरवर एवढी माणसं "काकू, काकू" करत होती, की माझ्याही तोंडून तेच निघालं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. मी कल्याणची, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते. लग्न झाल्यावर काकू म्हणाल्या, "थोडे दिवस माझ्या हाताखाली राहा, मग जा हवं तर नोकरीवर." सासरचे थोडे दिवस म्हणजे किती, हे सासर असलेल्या बाईला सांगायला नको.

मला जी खोली मिळाली तिला खिडकी होती, पण ती बटाट्यांच्या मालकीची होती. तिच्यावर आतून दुहेरी गोणपाट ठोकलेलं. पलंगाखाली बटाटे पसरलेले, कपाटाला टेकून बटाट्यांची पोती. नव्या नवरीच्या अंगाला मोगऱ्याचा वास येतो म्हणतात. माझ्या साड्यांना मातीचा यायचा. भर दुपारी साडी नेसायची तर दिवा लावावा लागे, आणि निऱ्या खोचून होतात न होतात तोच स्वयंपाकघरातून हाक येई, "दिवा घालवलास का गं? उजेडानं बटाटा बिघडतो."

"आणि माणूस?" एकदा मी चिडून विचारलं.

"माणसाला बाहेर जाता येतं," काकू शांतपणे म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत बसल्या.

बोलायला ठीक होतं. पहाटे कणीक, मग डबे, दुपारी भाज्यांची चिराचिरी, संध्याकाळी काउंटर. मी बाहेर जायचे म्हणजे गिरणीत दळण टाकायला. त्या अंधाऱ्या खोलीत दुपारी पाठ टेकली की वाटायचं, आपणही खाली पसरलेल्यांपैकीच एक आहोत, फक्त पलंगावर ठेवलेले. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ह्याचं काही वाटत नसे. तो त्या खोलीतच वाढलेला, आणि दिवसभर ठाण्याला कचेरीत. त्याच्या वाट्याला उजेड येतच होता.

गोणपाटामागची गोष्ट मला काकूंनीच सांगितली. बटाटे सोलता सोलता, वर न बघता, दुसऱ्या कुणाच्या घरची हकिगत सांगावी तशी. केंद्र नवं होतं, मंदार दुसरीत होता, आणि महाशिवरात्रीला उपासाच्या भाजीची मोठी मागणी आली होती. उपासाचा बटाटा आणि कांदालसणीतला बटाटा एका जागी ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. नेहमीचे बटाटे कांद्यांशेजारी कोपऱ्यात अंधारात पडलेले असत. उपासाचे मात्र काकूंनी आठवडाभर आधीच आणले, स्वच्छ धुतले, आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी, ह्याच खोलीत, ह्याच खिडकीखाली, पांढऱ्याशुभ्र धोतरावर मांडून ठेवले. देवाच्या कामाचा माल म्हणून त्याला ऊन, वारा, उजेड. रोज त्या तिथून जाताना हात जोडायच्या बाकी राहिल्या होत्या.

"हिरवी झाक यायला लागली," काकू म्हणाल्या, "मला वाटलं, ताजेपणा आहे."

भाजी किंचित कडू झाली. त्यांनी साखर वाढवली, लिंबू पिळलं, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं. सासरे जेवताना म्हणाले, "घशाशी जरा जळजळतंय," आणि लगेच स्वतःच म्हणाले, "पण असू दे, उपासाच्या पदार्थाला नावं ठेवू नयेत." त्यांनी दुसऱ्यांदा घेतली. मंदारला बटाट्याची भाजी जीव की प्राण, त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. संध्याकाळी पोटात कळा, उलट्या, जुलाब. सासरे कसेबसे निभावले. पण पोर इतकं गळून गेलं, की सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, बटाटे कसे दिसत होते ते विचारलं, आणि मग काकूंना झापलं. हिरवा पडलेला, कोंब आलेला, कडू लागणारा बटाटा विषारी असतो. तो उकडून, तळूनही सुधारत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळखीच्या घरोघरी गेल्या. तुम्हाला काही त्रास झाला का, माझी भाजी बिघडली होती, असं दारात उभं राहून सांगितलं. पुष्कळांना झाला होता. पण कुणी ऐकूनच घेईना. "छे हो काकू, उपासानं पित्त होतंच," असं म्हणून बायकांनी त्यांनाच लिंबाचं सरबत पाजलं.

"कुणीतरी भांडायला हवं होतं गं," काकू म्हणाल्या. "चार शब्द ऐकवले असते म्हणजे फिटलं असतं. कुणी बोललंच नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलं." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं, आणि माझ्या हातातला बटाटा घेऊन म्हणाल्या, "साल जाड काढ. डोळा खोल काढ."

त्यानंतर काकूंनी बटाट्याशी जन्माचं वैर धरलं आणि त्याच्यावरच पोटही भरलं. त्याचं सगळं घराणं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. माझ्या बी.एस्सी.चा त्या घरात झालेला हा एकमेव उपयोग. बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोत्रा ही एका कुळातली भावंडं, असं मी सांगितलं तेव्हा त्या किती तरी वेळ हसत होत्या. "म्हणजे महाशिवरात्रीला देवाला धोत्रा वाहायचा आणि आपण त्याच्या चुलतभावाची भाजी खायची! महादेव बरा, त्याला विष पचतं. आपलं केंद्र सगळं ह्या एकाच घराण्यावर चालतंय बघ." सुरेखाताई आंबिवलीहून कामाला यायच्या, त्यांना मिश्रीची सवय. काकूंनी त्यांची जीभ तेव्हाच बाद केली. "सुरेखा, तुझी जीभ त्याच घराण्याला फितूर आहे. तू पोळ्याच लाट."

शहाडकडच्या गावातला बाळाराम टेम्पोतून माल आणायचा. पोतं दारात उतरवलं, की काकू त्यात खांद्यापर्यंत हात घालत, बटाटे बाहेर काढून दारातल्या उजेडात फिरवून फिरवून बघत. बाळाराम बिचारा घाम पुसत उभा. एकदा तो वैतागून म्हणाला, "काकू, बटाटा घेतंस का जावय करतंस? आवरा पारखून कोन बघतो!"

"जावई वाईट निघाला तर एका मुलीचं वाटोळं," काकू म्हणाल्या. "तुझा बटाटा वाईट निघाला तर गल्लीचं. ने परत हे पोतं."

तो ते पोतं उचलून, पुटपुटत न्यायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच दारात पहिला यायचा. काकूंनी ठेवून घेतलेला माल म्हटलं की पुढच्या दोन दुकानांत त्याला कुणी काही विचारत नसे.

काकूंचं सगळंच बरोबर असे असं नाही. पुष्कळदा चांगले बटाटेही त्यांच्या धास्तीपायी कचऱ्यात जात. कुठं जरा हिरवट टिकली दिसली, की अख्खी टोपली बाहेर. मी त्यांना समजावलं, की हिरवा रंग म्हणजे विष नव्हे. तो पानांत असतो तोच साधा रंग. उजेडानं रंगही येतो आणि विषही वाढतं, म्हणून रंग दिसला की सावध व्हायचं, एवढंच. शिवाय मार लागलेल्या, जुन्या बटाट्यात रंग न येताही ते वाढू शकतं. पहिला भाग त्यांनी कानाआड केला. दुसरा मात्र असा काही मनावर घेतला, की माझंच मला पस्तावायची वेळ आली. "म्हणजे डोळ्यांचा भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "राहिली जीभ."

ह्या जिभेनं काकूंना खुंटीला बांधून ठेवलं होतं. भाचीचं लग्न नाशिकला होतं, त्या गेल्या नाहीत. सासरे गेल्यावर बहिणीनं चार दिवस माहेरपणाला बोलावलं, गेल्या नाहीत. "मी तिकडं जाईन, इकडं बटाटा कोण चाखणार?" बंद ठेवा ना चार दिवस, असं म्हटलं, की गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं घेत. त्यांच्या पोटाची काळजी खरी होती. पण मला वाटतं, त्या शिवरात्रीनंतर स्वयंपाकघराबाहेर पडायची परवानगी त्यांनी स्वतःला कधी दिलीच नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघून जीव तुटायचाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी पोळ्या भाजताना व्हायचं.

अशात मंदारनं ठाण्याला माजिवड्यात फ्लॅट घ्यायचं ठरवलं. त्याची कचेरी तिथून जवळ. मी पहिल्यांदा नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले तेव्हा फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीनं स्वयंपाकघर दाखवलं, न्हाणीघर दाखवलं, पण मी बेडरूमच्या खिडकीपाशीच उभी राहिले. मला तेवढंच हवं होतं. उजेडाची खोली, आणि सकाळी कुठंतरी निघून जायला एक नोकरी. घरी येऊन मंदारनं आईला सांगितलं. काकू म्हणाल्या, "जा की. मी कुठं धरून ठेवलंय कुणाला?" अशा बोलण्यावर घरातून निघता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मंदार त्यांना बरोबर चला म्हणाला, तर म्हणाल्या, "आणि केंद्र?"

त्या पावसाळ्यात काकूंना ताप आला. चांगला आठवडाभर राहिला, गेला. उठल्या त्या थकलेल्या, पण कामाला लागल्या. आणि तेव्हापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. बटाटा चाखायच्या वेळी त्या मला हाक मारू लागल्या. "ये, तूही घे." एक तुकडा त्यांच्या जिभेवर, एक माझ्या. पण आता त्या डोळे मिटत नसत. माझ्याकडे बघत उभ्या राहत.

मी काय ते समजले, म्हणजे समजले असं मला वाटलं. बाई आपल्याला तयार करताहेत. जीभ शिकवताहेत. मंदारचा फ्लॅट होतोय, सून हातची जातेय, तर तिला ह्या बटाट्याच्या दाव्याला बांधून टाकावं. माझी जीभ खरोखर शिकत होती, हे त्याहून वाईट. कडवटपणाची नुसती चाहूल लागली, की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, आणि काकू लगेच म्हणायच्या, "हं, हे पोतं नको." माझ्या आधी कधीच नाही, नेहमी माझ्यानंतर. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण स्वतःच्या दाव्याकडे बघणाऱ्याला दुसऱ्याचं दिसत नाही.

फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या त्या नेमक्या महाशिवरात्रीच्या सकाळी. मंदार आणि मी पहाटेच निघालो, रिकाम्या घरात नारळ फोडला, दूध उतू घातलं, आणि दहाच्या सुमाराला मी एकटीच डोंबिवलीला परतले. केंद्रात ही रांग. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, कवठाची चटणी, आणि मोठ्या पातेल्यात उपासाची बटाट्याची भाजी, सगळं तयार. काकू डाव घेऊन पहिली पिशवी भरायच्या बेतात होत्या. मला उपास होता आणि कडकडून भूक लागली होती. मी चमच्याच्या टोकावर भाजी घेऊन तोंडात टाकली.

कडू. जिरं, मिरची, साखर, सगळ्यांच्या खालून वर येणारं कडू, आणि मग घशाशी बारीक आग.

"काकू, हे बटाटे कुणी चाखले?"

"मी," त्या म्हणाल्या. "चालेल म्हटलं."

मी टोपलीत उरलेले बटाटे पाहिले. नितळ, पिवळसर, हिरव्याचा मागमूस नाही. एक-दोन बटाट्यांवर मार लागल्याच्या काळ्या खुणा होत्या, बस. मी भाजीचा चमचा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो खाल्ला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला सगळं उमगलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून." त्या तिथंच एका पोत्यावर बसल्या. "कडू नाही, गोड नाही, कसलीच चव कळत नाही. वासही नाही. तुझ्या तोंडाकडे बघून सांगत होते गं मी. तुझं तोंड खोटं बोलत नाही. आज तू नव्हतीस. रांग लागलेली. वाटलं, बाळारामचा माल नेहमीचाच आहे, एक दिवस निभेल."

मला रडू आलं. इतके महिने मी ज्याला सापळा समजत होते, तिथं एक म्हातारी बाई माझ्या चेहऱ्याला धरून अंधारात चालत होती. बाहेर लोक हाका मारत होते. मी म्हटलं, "सांगू या, गॅस संपला." काकूंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या, आणि काउंटरवर गेल्या.

"आज भाजी मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "बटाटा कडू आहे."

रांगेतले पहिले गृहस्थ रोजचे. त्यांनी काउंटरवरच्या ताटलीतला नमुना कधीच तोंडात टाकला होता. "अहो काकू, मला तर काही कडू लागत नाही. द्या हो, उपासाचं आहे, चालतं."

"मलाही लागत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणूनच देत नाही. पावसाळ्यापासून माझी जीभ गेली आहे. मला कसलीच चव नाही. तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं."

मग कुणी तरी पुढचा मार्ग काढला, जो निघणारच होता. "सूनबाई आहे की! तिला कळली ना चव?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती प्रेमानं पाहत होती ती माणसं! मला पळून जावंसं वाटलं. माझ्या हातातल्या पर्समध्ये नव्या घराच्या किल्ल्या होत्या, आणि मी 'हो' म्हणणार होते. दुसरं काय म्हणणार होते? त्या बाईनं इतकी वर्षं ज्यांची पोटं सांभाळली, ती सगळी समोर उभी होती. मी तोंड उघडलं.

"तिला घर आहे," काकू माझ्या आधी म्हणाल्या. "आजच किल्ल्या मिळाल्यात. ती चालली." आणि माझ्याकडे वळून, नेहमीच्या खडूस आवाजात, "उभी काय राहिलीस? रताळी आहेत ना? ती लाव उकडायला, लोक उपाशी आहेत. ती ह्या घराण्यातली नाहीत ना गं?"

"नाहीत," मी म्हटलं.

त्या दिवशी गल्लीनं वरीच्या तांदळाबरोबर रताळी खाल्ली. भाजीचं पातेलं काकूंनी स्वतः रिकामं केलं. दुपारी मी खोलीत आले तर त्या माझ्या पलंगावर चढून खिडकीवरचं गोणपाट उपसत होत्या. इतक्या वर्षांचे खिळे. ते निघताना लाकडाचा भुगा पडत होता. मी त्यांना खाली उतरवलं आणि उरलेलं ओढून काढलं. खिडकीपलीकडे मधल्या वर्षांत उठलेल्या इमारतीची भिंत होती, हातभर अंतरावर. थोडा उजेड आला, तो पलंगाखालच्या बटाट्यांवर पडला. काकू ते बघत बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

केंद्र बंद झालं. सुरेखाताईंना शेजारच्या केंद्रात काम लागलं. काकू आमच्याबरोबर माजिवड्याला आल्या, दुसरं जाणार कुठं? मला नोकरी मिळाली, मी सकाळी पर्स अडकवून निघू लागले, आणि काकू चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या बसू लागल्या. लिफ्टची त्यांना धास्ती. खाली जायचं म्हणजे मंदार घरी येईपर्यंत थांबायचं. घराला सगळीकडून उजेड होता, आणि त्या त्यात डोळे बारीक करून बसायच्या. कधी ऑफिसातून घरी यायचे तर खुर्ची भिंतीकडे वळवलेली असायची. मी सुटले होते आणि त्यांना आणून कोंडलं होतं. मंदार म्हणायचा, "आईला आराम आहे आता."

जेवण हा सगळ्यात कठीण भाग. "भुसा चावल्यासारखं वाटतं," त्या एकदाच म्हणाल्या; मग तक्रार केली नाही, नुसतं जेवण कमी करत गेल्या. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू चव, आली नाही. मी मसाले वाढवून पाहिले, लोणची आणली, काही फरक नाही. एके रात्री जेवताना त्यांनी घास हातातच धरला आणि मला म्हणाल्या, "कसं झालंय ते सांग."

"चांगलं झालंय."

"तसं नको. नीट सांग. आधी काय लागतं, मग काय लागतं?"

मी घास घेतला आणि पहिल्यांदाच विचार करून चावला. "आधी आंबट. चिंचेचं. मग गूळ येतो, पण मागून. मिरची शेवटी, ओठांना."

काकूंनी घास तोंडात घातला आणि मी सांगितलं त्या क्रमानं चावला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या भुवया मिरचीच्या वेळी बरोबर वर गेल्या. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

मग तो शिरस्ताच पडला. पहिला घास माझा, आणि तो मोठ्यानं. जिरं करपलंय, वरणाला हिंग पुढं आलाय, टोमॅटो बाजारी आहे, नुसतं पाणी. मी काही लपवलं तर त्यांना माझ्या तोंडावरून कळायचं. "खारट झालंय ना? मग तसं सांग की, मला काय घाबरतेस?" ऑफिसात मला उशीर झाला तर त्या न जेवता थांबायच्या. मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायचं मी सोडलं. एकदा ऑफिसच्या सहलीला एक रात्र राहायचं होतं, गेले नाही. मंदार म्हणाला, "अगं, एक दिवस मी सांगीन तिला." त्यानं खरंच एकदा सांगून पाहिलं. "आमटी... आमटीसारखी आहे," एवढंच त्याला जमलं. काकूंनी त्याच्याकडे अशा मायेनं पाहिलं, आणि ताट बाजूला सारलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुखणं नाही, काही नाही, दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. आता मी ऑफिसातून हवी तेव्हा येते. मैत्रिणी बोलावतात, मी जाते. कुणी माझ्यासाठी उपाशी बसलेलं नसतं. इतकी वर्षं जे मागितलं ते सगळं मिळालं, आणि मी जेवायला बसले की घास घशाखाली उतरत नाही. तो आधी सांगावा लागतो. कॅन्टीनमध्ये तोंड मिटून मनातल्या मनात सांगते. घरी कुणी नसलं तर मोठ्यानं.

परवा वांग्याचं भरीत केलं होतं. मंदार समोर बसला होता. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वांगं जरा बियाळ आहे. पण भाजलंय चांगलं, सालीचा धुरकट वास आत उतरलाय. कांदा गोड आहे." मग मी ओशाळून पाण्याचं भांडं पुढं ओढलं. मंदारनं ताटातून मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो बसला होता.

"अजून सांग," तो म्हणाला.